आमची रात्र सकाळी सातला होते

सरकारच्या लेखी रात्र दहाला सुरू होते आणि सहाला संपते. हा नुसता समज नाही, नियम आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांत तसं छापलेलंच आहे: सकाळी सहा ते रात्री दहा हा दिवस, उरलेली रात्र. ज्यांनी हे लिहिलं ते सगळे जनरल शिफ्टचे असणार, याबद्दल आमच्या गल्लीत दुमत नाही. शेंद्रा एमआयडीसीत तिसरी पाळी दहाच्या सुमाराला लागते आणि सहाच्या सुमाराला सुटते. म्हणजे कायद्याने आमच्या झोपेची राखण करायला जे आठ तास निवडले, नेमक्या त्याच आठ तासांत आम्ही मशीनपुढे उभे असतो. आणि बसमधून उतरून, हातपाय धुऊन, अंगावर पांघरूण ओढतो तेव्हा कायद्याची ड्युटी संपलेली असते. कायदा आणि आम्ही एकाच वेळी पंच करून बाहेर पडतो.

संभाजीनगरहून जालना रोडने निघालात आणि चिकलठाण्याचं विमानतळ मागे टाकलंत की थोड्या वेळाने शेंद्रा लागतं. ‘पंचतारांकित औद्योगिक वसाहत’ हे त्याचं सरकारी नाव. पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्यांना वाटतं, पोहायचा तलाव असेल. स्कोडाच्या गाड्या इथे २००१ पासून जोडल्या जातात. पुढे दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉर आला, त्यातून ऑरिक नावाचं स्मार्ट शहर उभं राहिलं, ७ सप्टेंबर २०१९ ला ऑरिक हॉलचं उद्‌घाटन करायला खुद्द पंतप्रधान येऊन गेले. तिथे वायरी जमिनीखालून जातात. रस्ते इतके रुंद की पलीकडच्या माणसाला हाक मारायची तर फोन लावावा लागतो. तिथे काम करणारी माणसं मात्र अजून स्मार्ट झालेली नसल्यामुळे ती कुंभेफळ, लाडगाव, करमाड अशा गावांमध्ये खोल्या करून राहतात.

या खोल्यांचं स्थापत्य सांगायलाच हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातून होतो. जमिनीचे पैसे आले तेव्हा शहाण्या माणसांनी खोल्या बांधल्या. एका रांगेत आठ-दहा, समोर तितक्याच, मध्ये नाली. भिंत चार इंची, वर पत्रा. चार इंची भिंतीचा उपयोग भाडं वेगळं घेण्यापुरता. आवाजाच्या दृष्टीने ती सगळी एकच खोली असते. शेजारच्याने कूस बदलली की आपली पलंगपट्टी दबते. पलीकडच्याच्या मोबाइलवर रील चालू असलं आणि त्याने शेवट यायच्या आत बोट फिरवलं, तर आपल्यालाच चुटपुट लागून राहते. पत्र्याचं काम वेगळं. तो उन्हाळ्यात तापताना आणि रात्री निवताना स्वतःच कडकडतो, पावसात तर समोरासमोर बसलेली माणसं खुणांनी बोलतात, आणि अधूनमधून कुंभेफळचं एखादं माकड या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत जाऊन आपण अजून इथले मूळ रहिवासी असल्याची आठवण करून देतं.

अशा एका रांगेत पहिली पाळी, दुसरी, तिसरी आणि जनरल असे चारही वर्ण गुण्यागोविंदाने नांदतात. म्हणजे एकाच गल्लीत रोज तीन मध्यरात्री होतात.

पहिली पाळी सहाला, म्हणून त्या माणसाचा गजर साडेचारला. गजराने तो उठत नाही. तो उठत नाही म्हणून शेजारचा उठतो आणि भिंतीवर थाप मारतो, त्या थापेने त्याच्या पलीकडचा उठतो. असं करत करत गजर लावणारा सोडून सगळी रांग जागी होते. मग तोही उठतो आणि बाहेर येऊन म्हणतो, “काय राव, आज सगळेच पहिलीला का?” पावणेसातला तिसरी पाळी परत येते. तिचा परतण्याचा सोहळा असतो: लोखंडी गेटची कडी, मोटारसायकल आत घेताना एकदा विनाकारण पिळलेला ॲक्सिलेटर, बादलीत सोडलेला नळ, आणि ‘झोपायच्या आधी दोन घास’ म्हणून कढईत टाकलेल्या मिरच्या. त्या मिरच्यांना आवाज नसतो, पण खोकला सगळ्या गल्लीला लागतो. दुसरी पाळी रात्री पावणेअकराला येते, तेव्हा तिची संध्याकाळ असते. ती भाजी चिरते, भाकरी थापते, आणि बाराला मॅचची हायलाइट लावते. तीत विराटने संध्याकाळीच मारलेला चौकार तिला आत्ता कळतो.

पण खरा कस लागतो तो सकाळी सात ते दुपारी तीनमध्ये, म्हणजे आमच्या रात्री. साडेसातला घरमालकीण काकू मिक्सर लावतात. शेंगदाण्याचा कूट. मराठवाड्यात कुटाशिवाय भाजी म्हणजे भाजीचा अपमान, त्यामुळे त्याबद्दल कुणी ब्र काढत नाही. आठला घंटागाडी येते. तिचं ते स्वच्छतेचं गाणं ऐकून ऐकून गल्लीतली चार वर्षांची पोरं ते झोपेत म्हणतात. आम्हाला तेवढीही झोप नसते. नऊला बोअरची मोटर. दहाला धुणं, दगडावर, दाणदाण. साडेदहाला भंगारवाला. पूर्वी भंगारवाला स्वतः ओरडायचा तेव्हा त्याचाही घसा दुखायचा, मध्ये कुठे पाणी प्यायला थांबायचा. आता त्याने आवाज रेकॉर्ड करून भोंग्यात भरलाय. “जुनं लोखंड, प्लास्टिक, रद्दी, खराब बॅटरी” हे तो गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून, चहा प्यायला जाऊनसुद्धा ओरडू शकतो. अकराला समोरच्या खोल्यांवर मजला चढवायचं काम. फरशी कापायचं कटर एकदा ऐकलं की मनातले सगळे विचार निघून जातात. हे साधायला हिमालयात जावं लागत नाही.

या सगळ्यात कारखान्यांचा आवाज आम्हाला येत नाही असं नाही, पण तो कुणी मोजत नाही. कंप्रेसरची घरघर रात्रंदिवस एकसारखी चालू असते, आणि एकसारख्या आवाजावर माणूस झोपतो. उलट साप्ताहिक सुट्टीला ती थांबली की लोक दचकून जागे होतात, “काय झालं, कंपनी बंद पडली का?” म्हणून. झोप मोडते ती आवाजात माणूस आला की. पंखा कितीही करकरला तरी चालतो. शेजारी हसला की चालत नाही, त्यातून तो आपल्याला सोडून हसला असेल तर मुळीच नाही.

तक्रार करायची आमच्याकडे एक रीत आहे. “आवाज कमी करा” असं थेट सांगणं हे भांडण काढणं झालं. आधी नुसतं खाकरायचं. मग आपल्या खोलीत एखादं जर्मनचं पातेलं पाडायचं. समजदार शेजारी त्यातून काय ते समजतो. नाहीच समजला तर दारात जाऊन विचारायचं, “काय दादा, पाहुणे आलेत का?” या प्रश्नाचं भाषांतर ‘काय बाजार मांडलाय’ असं होतं, पण ऐकणाऱ्याला पाणी विचारावं लागतं. दादा म्हणतात, “नाही हो, लेकरं खेळू लागली.” आपण म्हणायचं, “खेळू द्या की, लेकरंच आहेत.” आणि परत यायचं. तक्रार नोंदवली गेली. लेकरं आता पातेलं वाजवत खेळतात, कारण आपल्याच पातेल्याने त्यांना ते सुचलेलं असतं.

यापुढची पायरी म्हणजे घरमालक काका. काकांकडे न्यायनिवाड्याची एकच पद्धत आहे. ते दोन्ही बाजू ऐकून घेतात, बिडी विझवतात आणि म्हणतात, “आमच्या वेळेला इथं कोल्हे ओरडायचे.” एवढ्यावर सुनावणी संपते. कोल्ह्याच्या तुलनेत कुठलाही भाडेकरू परवडतो.

कायद्याकडे जावं म्हटलं तर त्याच्याकडे आकडे तयार असतात. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. औद्योगिक भागात ७५ आणि ७०. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. आता आमची गल्ली यातली कोणती? राहतो म्हणून निवासी, कोपऱ्यावर पिठाची गिरणी आणि चायनीजची गाडी म्हणून व्यापारी, आणि भिंतीपलीकडे एमआयडीसी. आमच्यातल्या एका डिप्लोमा झालेल्या मुलाने हिशेब समजावून सांगितला. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दसपट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे रात्रीचे निवासी ४५ आणि दिवसाचे औद्योगिक ७५ यांत फरक दिसतो तीसचा, पण ऊर्जा हजार पट. तीसमध्ये हजार पट काही मिळायचं हे महाराष्ट्रातलं एकमेव ठिकाण असावं.

नियमांत आणखी एक गंमत आहे. ठरलेली मर्यादा १० डेसिबलने किंवा त्याहून जास्त ओलांडली गेली की माणसाला तक्रार करता येते. रात्रीचे निर्बंध मोडले तरी येते, पण ती सरकारी रात्र, आमची नाही. तेव्हा दिवसा झोपणाऱ्याने आधी ५५ मोजायचे, वर दहा मोजायचे, मग रागवायचं. मोजायला मोबाइलमध्ये ॲप मिळतं. ते एकाने उतरवून घेतलं आणि हळदीच्या मांडवात जाऊन दाखवलं: “हे बघा, ८३.” मांडववाल्याने शांतपणे आपला मोबाइल काढला, तेच ॲप उतरवलं आणि म्हणाला, “माझ्यात ६१ येतेत. तुमचा मोबाइल कितीचा आहे?” इथून पुढे वाद मोबाइलच्या किमतीवर गेला, आणि तक्रारदाराचा फोन जुना निघाल्यामुळे त्याची केस पडली.

सर्वोच्च न्यायालयानेही आमचा विचार केलेला आहे. १८ जुलै २००५ च्या निकालात रात्री दहा ते सहा कुणी ढोल बडवू नये, तुतारी फुंकू नये, वाद्य वाजवू नये, ध्वनिवर्धक लावू नये असं स्पष्ट सांगितलंय. अपवाद सार्वजनिक आणीबाणीचा. कुठल्या आणीबाणीत लोक ताशा आणायला धावतील याची कल्पना करण्यात आमची एक अख्खी तिसरी पाळी गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालांची तर माळ आहे. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर ऑगस्ट २०१६ मध्ये आलेला निकाल, आणि अलीकडे २३ जानेवारी २०२५ ला कुर्ल्याच्या नेहरूनगरातल्या रहिवाशांच्या याचिकेवर आलेला. लाउडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं त्यात न्यायालयाने म्हटलं. हे वाचल्यावर आमच्या भागातल्या सर्व धर्मांच्या भोंगेवाल्यांना समान वाईट वाटलं, आणि सर्वधर्मसमभावाचा एवढा ढळढळीत पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही.

त्याच निकालात पोलिसांना आणखी एक सूचना आहे: तक्रारदार कोण हे विचारत बसू नका, त्याचं नाव कुणाला कळू देऊ नका, आधी समज द्या, मग दंड, मग जप्ती. मुंबईला हे ठीक आहे. आमच्या गल्लीत रात्री साडेअकराला पोलिसांची गाडी येते तेव्हा सगळी गल्ली मांडवात नाचत असते आणि एकाच खोलीचा दिवा चालू असतो. नाव गुप्त ठेवायचं तर त्या खोलीवाल्यानेही बाहेर येऊन नाचायला हवं.

गाडी येण्याआधी ११२ ला फोन लावावा लागतो, तोही एक अनुभव आहे. 

“बोला, काय अडचण आहे?”

“डीजे वाजतोय.”

“काय वाजलं?”

“डीजे! डीजे!”

“जरा मोठ्याने बोला, मागे फार आवाज येतोय.”

“तोच! तोच आवाज!”

“सर, आधी तुम्ही शांत ठिकाणी जा आणि मग फोन करा.”

शांत ठिकाण माहीत असतं तर तिथेच खोली केली असती.

तक्रार करणाऱ्याची गत सगळीकडे सारखीच. लंडनमध्ये चार्ल्स बॅबेज नावाचा गणिती होता. मोजणीयंत्रांच्या मागे लागून आजच्या संगणकाचा आजोबा ठरलेला माणूस. त्याला रस्त्यावर बाजा वाजवणाऱ्यांचा भयंकर त्रास व्हायचा. त्याने मोहीम उघडली, लेख लिहिले, आणि १८६४ मध्ये पार्लमेंटकडून रस्त्यावरच्या संगीताविरुद्ध कायदा होईपर्यंत दम घेतला नाही. त्याचा परिणाम असा झाला की ज्यांना बाजाशी काही देणंघेणं नव्हतं असे लोकसुद्धा बॅबेजच्या खिडकीखाली येऊन वाजवायला लागले. कोण चिडतो हे कळलं की वाजवण्यात अर्थ येतो. हे आमच्या गल्लीतल्या पोरांना बॅबेज न वाचताच ठाऊक आहे.

आवाजाचे सणवार वेगळे. चैत्रात शेंद्रा कमंगरला मांगीरबाबांची यात्रा भरते, गावोगावचे लोक येतात; तेव्हा झोपेची अपेक्षा कुणी ठेवत नाही आणि कुणी कुरकुरतही नाही. देवाच्या कामाला रजा टाकायची पद्धत आहे. हरिनाम सप्ताहात पहाटे चारला काकडा सुरू होतो. मृदंगाबद्दल माझी तक्रार नाही. मृदंग कधीच कुणाची झोप मोडत नाही, मोडतो तो मृदंगापुढचा माइक. त्यात हिवाळ्याची पहाट. जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असली की आवाज वर निसटून न जाता वाकून पुन्हा खाली येतो, म्हणून त्या वेळी दूरच्या गावचा सप्ताहही उशाशी वाटतो. एकदा तर दोन गावांचे अभंग एकमेकांत मिसळले आणि खालच्या आळीतले आजोबा दोन्हींना टाळ धरत बसले.

बाकी जयंत्या, गणपती, देवी, दिवाळी, एकतीस डिसेंबर. वर्षातले १५ दिवस रात्री बारापर्यंत वाजवायची सवलत राज्य सरकारला देता येते, आणि जिल्हाधिकारी ते दिवस जाहीर करतात. ती यादी लोक दुष्काळाच्या मदतीच्या यादीसारखी वाचतात: आपलं नाव आहे का, नसेल तर का नाही. त्यात लग्न बसत नाही, वाढदिवस बसत नाही, ग्रामपंचायतीची निवडणूक बसत नाही, ‘भावी सरपंच’ तर मुळीच बसत नाही. पण विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं: “वर्षातून एकच दिवस आहे हो.” खरं आहे. प्रत्येकाचा एकच दिवस असतो. गल्लीत माणसं किती आहेत, एवढाच काय तो प्रश्न.

कारखान्यात आवाजाचे नियम आणखी वेगळे आहेत. आठ तासांच्या कामाला ९० डेसिबलची मर्यादा. १०० डेसिबल असेल तर दोनच तास. म्हणून कंपनी इअरप्लग देते, नारिंगी, दोरीवाले. सुपरवायझर रोज ओरडतो, “प्लग कुठंय?” प्लग घरी असतो. उशीखाली. शेंद्र्यातली निम्मी श्रवणसुरक्षा घरमालकीण काकूंच्या मिक्सरविरुद्ध खर्च होते. आणि जो माणूस मशीनपुढे कानात प्लग घालून “हे फार डेंजर आहे” म्हणतो, तोच सुट्टीच्या दिवशी भाच्याच्या वरातीत भिंतीएवढ्या स्पीकरला पाठ टेकवून दोन तास नाचतो. तिथे सुपरवायझर शेजारीच नाचत असतो.

आमचं शहर एकगठ्ठा खरेदीत हुशार. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या लोकांनी ठरवून, सवलत पाडून, एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या आणि देशभर नाव केलं. तोच हात लावून थोडी शांतता घाऊक भावात मिळेल का, हे कुणीतरी बघायला हवं. निदान न्यायालय तरी. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. उच्च न्यायालयाचं खंडपीठ आमच्याच जालना रोडवर आहे, फक्त शहराच्या बाजूला. त्यातली एखादी खोली कुंभेफळला हलवली तर भाड्याचं काका बघून घेतील म्हणतात. डिपॉझिट मात्र सोडणार नाहीत.

एवढं सगळं असून आमच्या गल्लीत आवाजावरून कायमचं वाकडं कुणाशीच नाही. शहरात, सिडकोच्या अपार्टमेंटमध्ये, वरच्यांनी खुर्ची ओढली म्हणून खालच्यांनी बारशाला जायचं सोडलेलं मी पाहिलंय. तिथे वैर पिकतं, कारण तिथे सगळे जनरल शिफ्टचे. वरचा कायम वर, खालचा कायम खाली. आमच्याकडे पाळी दर आठवड्याला फिरते. ज्याच्या गजराच्या नावाने या आठवड्यात शिव्या घातल्या, पुढच्या आठवड्यात तो गजर आपला असतो. ज्याने “जरा हळू” म्हणून पहाटे दार ठोठावलं, त्याच्याच खोलीवरून येत्या सोमवारी रात्री अकराला भाकरी थापल्याचा आवाज येणार असतो. राग धरायला जरा स्थिर वेळापत्रक लागतं. आमचा राग रविवारी रात्री पाळीबरोबर बदलतो, आणि सोमवारी सकाळी कुणावर रागवायचं हे तक्ता बघून ठरवावं लागतं.

या तक्त्याची ताकद मी मागच्या लग्नसराईत पाहिली. घरमालक काकांच्या पुतण्याची हळद. मांडव थेट आमच्या रांगेसमोर. काकांना कल्पना होती, म्हणून ते स्वतः प्रत्येक दारावर अक्षता घेऊन आले. तक्रार होईल अशा घराला आधी आमंत्रण द्यायचं, हा मराठवाड्यातला जुना अटकपूर्व जामीन आहे. ज्याच्या पानात बुंदी पडली तो ११२ लावत नाही. “डीजे आहे बरं का,” ते म्हणाले, “झोप तर लागायची नाहीच. मग या नाचायला.”

संध्याकाळी सहाला सुरू झालं. साडेसातला पत्रे थरथरायला लागले, आठला माझ्या खोलीतला आरसा खिळ्यावर तिरका झाला. साडेआठला नवरदेवाचे मित्र रंगात आले आणि काकांनी जाहीर केलं की आज बारापर्यंत कुणी थांबवायचं नाही, पुतण्या एकुलता एक आहे, पोलिसांचं काय ते आपण बघू. टाळ्या पडल्या. आणि नऊला पाच कमी असताना गाणं मधेच तुटलं.

सगळ्यांना वाटलं लाइट गेली. लाइट होती. डीजेवाला पोरगा पिकअपवरून खाली उतरला होता आणि वायरी गुंडाळत होता. नवरदेवाचे मित्र त्याच्या अंगावर धावले. काका मधे पडले, खिशात हात घालून म्हणाले, “कामून रे? पैसे वाढवून देतो, अजून तासभर वाजव.” पोराने मिक्सरवर कापड टाकलं, खालून कंपनीचा निळा शर्ट काढून अंगात घातला.

“काका, पैशाचं नाही. सव्वानऊला चौकात बस येते. मला आज तिसरी आहे.”

“एक दिवस उशीर झाला तर काय होतंय?”

“हाफ डे लागतो ना,” असं म्हणून त्याने पिकअपची चावी काकांच्या हातात ठेवली. “गाडी इथंच राहू द्या. सकाळी सातला येतो, तेवढं गेट उघडं ठेवा. आणि काका, मी आल्यावर झोपणार आहे, काकूंना म्हणावं मिक्सर जरा उशिरा लावा.”